आनापान पोरांना शिकवता, मग मार्क देणाऱ्यांनाही शिकवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परीक्षेचा ताण आणि ध्यान या विषयावर आपल्या पेपरात मागच्या आठवड्यात पानभर मजकूर आला होता, पोरांनी श्वासावर लक्ष कसं ठेवायचं म्हणजे आनापान कसं करायचं, रात्री मोबाईल कधी बाजूला ठेवायचा वगैरे, चांगला होता. पण वाचताना सारखं वाटत राहिलं की ह्यात परीक्षा देणाराच तेवढा आहे, घेणारा कुठंच नाही. मी बीड जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेली बाई आहे आणि माझं म्हणणं असं आहे की श्वासावर लक्ष ठेवायची गरज पोरांच्या आधी लाल पेन हातात असणाऱ्यांना आहे. समोर उभ्या पोराचं आडनाव ऐकून, बोली ऐकून, कपडे बघून आपल्या मनात जे आपोआप उठतं ते मार्कात उतरायच्या आधी आपल्याला दिसलं पाहिजे, त्यासाठी.

हे म्हटलं की स्टाफरूममध्ये लगेच आवाज चढतात. आम्ही जातपात मानत नाही, आम्हाला सगळी पोरं सारखी. आणि ते खोटं बोलत नसतात, हेच तर अवघड आहे. जाणूनबुजून कुणाला खाली ढकलणारा शिक्षक मी क्वचितच बघितला. पण नकळत होणारं फार बघितलंय, आणि ते करणारी माणसं चांगली होती, पोरांसाठी स्वतःच्या खिशातून वह्या आणणारी होती.

एक प्रसंग सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. नववीची तोंडी परीक्षा चालू होती, मी शेजारच्या टेबलावर होते. विषय दिला होता, तुमच्या माहितीतलं एखादं काम सविस्तर सांगा. एक मुलगा उभा राहिला, आईबाप दोघं ऊसतोडीला जाणारे, हंगामात हा आजीजवळ राहायचा. त्यानं ऊसतोड सांगितली. मुकादमाकडून उचल कशी घेतात, नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, कशी धरतात, उसाचं वाढं पिळून त्यानंच मोळी कशी बांधतात, आणि आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं गाडीत चढते तेव्हा पाय कुठं टाकते इथपर्यंत सगळं एकामागं एक, कुठं अडखळला नाही, कुठं क्रम चुकला नाही. फक्त तो ‘पानी’ म्हणत होता, ‘व्हतं’ म्हणत होता, ‘मपली आई’ म्हणत होता. सरांच्या चेहऱ्यावर मला पहिल्या वाक्याला बदल दिसला, भुवया जरा जवळ आल्या, पेन कागदावर टेकलं आणि मुलगा अजून उचलीपर्यंतच आला होता तेव्हा मार्क लिहून झाले होते. वीसपैकी अकरा. पुढची मुलगी एका अधिकाऱ्याची, नुकतीच बदली होऊन आलेल्या. तिनं स्वयंपाकावर छान स्वच्छ मराठीत पाठ केलेला निबंध म्हटला, तो निबंध गाइडातला होता हे मला दुसऱ्या ओळीला कळलं आणि सरांनाही कळलंच असणार. तिला सतरा.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, सर त्या पोराला अकराच का. तर म्हणाले उच्चार शुद्ध नाहीत हो मॅडम. मग आम्ही दोघांनी मिळून तो गुणदानाचा तक्ता बघितला, त्यात विषयाची माहिती होती, मांडणी होती, क्रम होता, आत्मविश्वास होता, उच्चारांना वीसातले चार होते. म्हणजे उच्चारांचे चारच्या चार कापले तरी अकरा येत नाहीत. सर बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिले. ते स्वतः शेतमजुराच्या घरातले, स्वतः लहानपणी ‘पानी’च म्हणायचे, आणि त्यावरून त्यांना वर्गात हसलेलं त्यांना चांगलं आठवत होतं.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडं पूर्वग्रहाची चर्चा निघाली की ती लगेच अमुक जातीचे शिक्षक विरुद्ध तमुक जातीची पोरं अशी होऊन बसते आणि मग कुणीच कुणाचं ऐकत नाही. रेमा हॅना आणि ली लिंडेन या दोन अर्थतज्ज्ञांनी भारतात एक प्रयोग केला होता, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पोरांच्या उत्तरपत्रिका घेतल्या आणि वरच्या पानावर वय, मुलगा की मुलगी, आणि जात ही माहिती मुद्दाम चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही लावून टाकली, म्हणजे उत्तरांचा आणि वरच्या जातीचा काही संबंधच ठेवला नाही, आणि मग ते पेपर खऱ्या शिक्षकांकडून तपासून घेतले. ज्या पेपरांवर खालची मानली गेलेली जात लिहिली होती त्यांना थोडेसे का होईना पण कमी मार्क पडले. फरक फार मोठा नव्हता, पण होता. आणि हे कमी मार्क देण्यात खालच्या मानल्या गेलेल्या जातींतले शिक्षकच जास्त होते. तेव्हा हा दोष कुणा एका समाजाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही, ज्या हवेत आपण सगळे वाढलो ती हवा सगळ्यांच्याच छातीत गेलीय.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली आणि शिक्षक म्हणून मला ती लगेच पटली. गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांना हा फरक जास्त होता, पुढंपुढं कमी होत गेला. का, तर सुरुवातीला तपासणाऱ्याचा अंदाज बसलेला नसतो, चांगलं उत्तर कशाला म्हणायचं हे ठरलेलं नसतं, आणि मग मन आधार शोधतं, आडनावाचा, अक्षराचा, वहीच्या कव्हरचा. एकदा हात बसला की उत्तरंच बोलायला लागतात. म्हणजे थांबायची खरी वेळ कधी, तर गठ्ठा उघडताना, पहिल्या पाच-दहा पेपरांना.

आता ध्यानाचं. आपल्या महाराष्ट्राला हे बाहेरून शिकायची गरजच नाही. इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र १९७६ पासून आहे, सत्यनारायण गोयंका गुरुजींनी उभं केलेलं, आपल्याकडचे कितीतरी सरकारी कर्मचारी, शिक्षक, पोलीस तिथं दहा दिवस बसून आलेत. शाळांसाठी तर ‘मित्र उपक्रम’ आहेच, पोरांनी शाळा भरताना आणि सुटताना दहा-दहा मिनिटं आनापान करायचं, डोळे मिटून येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. आमच्या शाळेत काही वर्षं मनापासून चाललं, मग घंटेच्या वेळापत्रकात कुठंतरी हरवलं. पण चाललं तेव्हाही माझ्या मनात यायचं की पोरं डोळे मिटून बसलीत आणि आम्ही मागं उभं राहून कोण चुळबूळ करतंय ते बघतोय.

विपश्यनेत जे शिकवतात ते पूर्वग्रहाच्या कामाला किती नेमकं लागू पडतं बघा. काही दिसलं, ऐकू आलं की अंगावर संवेदना उठते, कुठं ताण, कुठं गरमी, कुठं जबडा आवळला जाणं, आणि मग त्या संवेदनेला हवं-नको चिकटतं आणि माणूस प्रतिक्रिया देऊन मोकळा होतो. साधकाला सांगतात की संवेदना उठू दे, ती बघ, प्रतिक्रियेला घाई करू नको. आता माझ्या त्या सरांच्या भुवया आठवा. ‘पानी’ ऐकलं, भुवया आवळल्या, पेन टेकलं. ह्या सगळ्याला दोन सेकंद लागले नसतील. त्या दोन सेकंदांत जर त्यांना स्वतःच्या भुवया कळल्या असत्या तर पेन तरी थांबलं असतं. मन बदलायला वर्षं लागतील, पण पेन थांबवायला एक श्वास पुरतो, आणि पोराच्या बाजूनं बघितलं तर त्याला आज पेन थांबायलाच हवंय, गुरुजींचं मन कधी शुद्ध होईल तेव्हा होवो.

ह्यावर बाहेर अभ्यासही झालेत. मनातल्या नकळत जोड्या, म्हणजे कसला माणूस दिसला की चांगलं-वाईट काय आपोआप मनात येतं ते, मोजायची एक चाचणी आहे, इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट म्हणतात, १९९८ साली पहिल्यांदा मांडली गेली, त्या कामातलं एक मोठं नाव म्हणजे महजरीन बानाजी, त्या आपल्या सिकंदराबादच्या, आता हार्वर्डला आहेत. मिशिगनमधल्या ॲडम लुएके आणि ब्रायन गिब्सन यांनी गोऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटांचं माइंडफुलनेसचं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि मग ही चाचणी घेतली, तर कृष्णवर्णीय आणि म्हातारी माणसं यांच्याबद्दलच्या ज्या आपोआप जोड्या मनात लागतात त्या सैल झालेल्या दिसल्या. दुसरा एक अभ्यास मैत्रीभावनेचा, ज्याला आपण मंगल मैत्री म्हणतो तसलं, सगळ्यांचं भलं होवो असं मनात धरायचं ध्यान, सहा आठवडे करणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय आणि बेघर माणसांबद्दलचा नकळत पूर्वग्रह कमी झाला, आणि ज्यांनी त्याच विषयावर नुसती चर्चा केली त्यांच्यात झाला नाही. हे वाचून मला आमची सगळी प्रशिक्षणं आठवली. समतेवर भाषण ऐकणं वेगळं आणि बसून स्वतःला बघणं वेगळं.

पण उत्साहाच्या भरात खोटं सांगायचं नाही म्हणून दुसरी बाजूही लिहिते. हे अभ्यास छोटे आहेत, अमेरिकेतले आहेत, ती चाचणीही काही थर्मामीटरसारखी पक्की नाही, एकाच माणसाची आज एक येईल महिन्यानं दुसरी येईल. आणि २०१६ साली केल्व्हिन लाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून जास्त लोकांवर पूर्वग्रह कमी करायचे नऊ वेगवेगळे झटपट उपाय तपासले, ते ध्यानाचे नव्हते, पण सगळ्यांचा परिणाम लगेच दिसला आणि काही तासांत नाहीतर काही दिवसांत ओसरला. मला ह्यातून निराश व्हायला होत नाही. मला ह्यातून हे कळतं की जूनमध्ये एक दिवसाचं शिबिर घेऊन, फोटो काढून, ऑनलाइन प्रमाणपत्र वाटून मार्चच्या तोंडीत काही फरक पडणार नाही. जिथं मार्क लिहायचे तिथंच, त्याच टेबलावर, त्याच मिनिटाला थांबायची सवय लागली पाहिजे.

आणि ज्यांना ध्यान म्हणजे सगळ्यावरचा इलाज वाटतो त्यांनाही हात जोडून सांगते, तसं नाही. जात अंगावर घेऊन जगणाऱ्यांना हक्क मिळाले ते कायद्यानं, संघटनेनं आणि शिक्षणानं मिळाले, कुणीतरी डोळे मिटून चांगलं झालं म्हणून मिळाले नाहीत. आरक्षण नको, तक्रार नको, सगळे शांत बसा आणि मनं साफ करा असं कुणी सांगायला लागलं तर ते मला मान्य नाही. ज्याच्यावर अन्याय होतोय त्याला श्वास बघायला सांगायचं नसतं, ज्याच्या हातात पेन आहे त्याला सांगायचं असतं.

म्हणून माझा आग्रह दोन्हीचा आहे. जिथं नाव लपवता येतं तिथं नाव सरळ लपवा, तिथं कुणाच्या चांगुलपणावर विसंबायचंच कशाला. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या पेपरला बारकोड असतो, तपासणाऱ्याला पोरगं कुठलं, कुणाचं काही कळत नाही, हे किती मोठं काम झालंय ह्याची आपल्याला किंमत नाही. मग घटक चाचणीला, सहामाहीला शाळेतल्या शाळेत एवढं का होऊ नये, वरचं पान मागं दुमडायचं, नुसता नंबर, आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासायचा, मग गठ्ठा खालीवर करून दुसरा. खर्च शून्य. गावात अक्षर ओळखू येतं हे मला माहितीय, चाळीस पोरांत कुणाचं अक्षर कुठलं हे डोळे मिटून सांगता येतं, तरी पण आडनाव रोज डोळ्यासमोर नाचत नाही हेही कमी नाही.

पण तोंडी परीक्षेला पोरगं समोर उभं असतं, त्याचा चेहरा कसा लपवणार, आवाज कसा लपवणार. आणि हे मार्क काही किरकोळ नाहीत. २०१९ ला दहावीच्या भाषांसारख्या विषयांतले शाळेच्या हातातले वीस मार्क काढले होते तर राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, पुढच्या वर्षी ते परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला, त्याला इतर कारणंही असतील पण ह्या विसांचं वजन किती आहे ते सगळ्यांना तेव्हा कळलं. काठावरच्या पोराचं पास-नापास, अकरावीला सायन्स मिळणार की नाही, सगळं ह्यात. आणि ते देताना कुठलाही बारकोड नाही, फक्त माणूस आहे. तिथं लक्ष देऊन बघण्याशिवाय दुसरा उपायच नाही.

माझ्या त्या सरांनी पुढं काय केलं तेवढं लिहिते. त्यांनी तोंडीला पेनाचं टोपण लावून पेन टेबलावर ठेवायला सुरुवात केली. पोरगं बोलत असेपर्यंत पेन उचलायचं नाही. ते बोलून बसलं की एक श्वास आत, एक बाहेर, चेहऱ्यावर, खांद्यांत कुठं काही आवळलंय का ते बघायचं, नसलं तर पुढं जायचं, असलं तर मनात एवढंच म्हणायचं की आवळलंय. मग तक्त्यातला एकेक रकाना भरायचा, बेरीज सगळ्यात शेवटी. आणि पहिली पाच पोरं झाली की परत मागं येऊन त्यांचे मार्क एकदा बघायचे. सुरुवातीला त्यांना वेळ लागायचा, बाकीचे वैतागायचे, पुढं फारसा लागेनासा झाला. ते संत झाले असं मी म्हणत नाही, चिडायचे, दमायचे, शेवटच्या तासाला घाईही करायचे. पण त्यांच्या रकान्यांत आता कारण दिसायचं, कुणी पोरानं विचारलं सर मला इतके का, तर ते दाखवू शकायचे.

मार्कांच्या पलीकडंही हे रोज चालू असतं. गॅदरिंगला पाहुण्यांच्या स्वागताला ताट घेऊन पुढं कुणाला उभं करतात बघा, गोऱ्या मुली पुढं, काळ्या मागं, आणि कुणाला विचारलं तर म्हणतील उंचीप्रमाणं लावल्या. मुलीला पैकीच्या पैकी पडले तर ‘अभ्यासू आहे’ आणि मुलाला पडले तर ‘डोकं आहे’. मुसलमान वस्तीतलं पोरगं मराठीत पहिलं आलं तर त्याचं कौतुक करतानाच आवाजात जे आश्चर्य येतं ते त्याला ऐकू जातं. ह्या सगळ्या जागा एका श्वासाच्या आहेत.

आणि सगळ्यात जास्त जे मला टोचतं ते म्हणजे शिष्यवृत्तीचे आणि फीमाफीचे फॉर्म. अजूनही कितीतरी वर्गांत एससी हात वर करा, एनटी हात वर करा असं मोठ्यानं म्हणतात. म्हणणाऱ्याला माहिती गोळा करायची घाई असते, ऑनलाइन भरायची मुदत संपत आलेली असते, मनात काही वाईट नसतं. पण कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले होते. जात कुणीच उच्चारली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांनी जवळजवळ सारखेच सोडवले. मग मुलांना एकत्र बसवून प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव आणि जात मोठ्यानं वाचून दाखवली, आणि दलित मुलांची कामगिरी एकदम घसरली. मुलं तीच, चक्रव्यूह तसलेच. म्हणजे आम्ही दहाच्या तासाला हात वर करायला लावतो आणि अकराच्या तासाला गणिताच्या चाचणीत त्याच पोराला कमी पडले की म्हणतो ह्याला गणित जमत नाही.

तेव्हा शिक्षण विभागाला माझी विनंती अशी आहे. मित्र उपक्रम पोरांपुरता ठेवू नका, दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांनीही दहा मिनिटं बसावं, केंद्रप्रमुखांनीही बसावं, आणि बसून झाल्यावर नुसतं चहाला न जाता गेल्या महिन्यात मार्क देताना, फळ्यावर बोलावताना, रागावताना कुठं काही आवळलं होतं ते ज्याला बोलावंसं वाटेल त्यानं बोलावं. कुणाची नोंद नको, कुणाचा अहवाल नको, नाहीतर सगळे चांगलं-चांगलं बोलतील. ज्यांना श्वासाचं ध्यान धर्माचं वाटतं त्यांनी नुसतं पेन खाली ठेवून मनात वीस आकडे मोजले तरी चालेल. तोंडी परीक्षेच्या सूचनांच्या कागदावर दोनच ओळी घाला, विद्यार्थ्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत गुण लिहू नयेत, आणि प्रत्येक निकषाचे गुण आधी, बेरीज नंतर. बोलीतले उच्चार कशात मोजायचे आणि कशात नाही हे त्याच कागदावर स्पष्ट लिहा, कारण ते लिहिलेलं नसलं की जो तो आपल्या कानाप्रमाणं कापतो. आणि जातीची माहिती वर्गात हात वर करून गोळा करायची नाही, दाखल्याच्या रजिस्टरवरून घ्यायची, रजिस्टरमध्ये ती आधीपासून लिहिलेली असतेच, हे परिपत्रक तर उद्याच्या उद्या काढता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका, जि. बीड